वाघोलीचा निळा स्फटिक



पुण्याच्या भोंवतालचा दगड काळा आहे, हें आपणांस सांगावयास नको. आपल्या जुन्या वाड्यांचीं जोतीं, नदीचे घाट, देवळांचे चौथरे, फार काय, स्वयंपाकघरांतील पाटा-वरवंटा आणि जातें हीं सारीं या काळ्या दगडाचींच. इतक्या नित्याच्या सहवासामुळें त्याच्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहावें असें आपल्या मनांत सहसा येत नाहीं. परंतु याच काळ्या दगडाच्या पोटांतून एक असें निळें खनिज निघतें कीं, त्याचा उत्तम नमुना हवा असेल तर जगांतील मोठमोठ्या संग्राहकांना पुण्याकडे पाहावें लागतें. त्याचें नांव कॅव्हन्साइट. आणि तें सांपडतें नगर रस्त्यावरील वाघोलीच्या दगडखाणींत.

या खनिजाची हकीकत मी आज दोन प्रश्नांच्या अनुरोधानें सांगणार आहें. एखादें खनिज 'नवें' आहे असें शास्त्रज्ञ कशावरून ठरवितात, हा पहिला प्रश्न. आणि डोळ्यांना न दिसणारी त्याची आंतील रचना कशी असते, हा दुसरा. हे प्रश्न दोन दिसले तरी त्यांचें उत्तर एकच आहे, असें शेवटीं आपणांस दिसून येईल.

पहिल्यानें या काळ्या दगडाची जन्मकथा थोडक्यांत पाहूं. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस वाहूं लागला. एक थर निवावा, त्यावर दुसरा यावा, त्यावर तिसरा, असा क्रम कित्येक लक्ष वर्षें चालला. आजहि हे थर सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेले आहेत. सह्याद्रीच्या डोंगरांकडे दुरून पाहिलें असतां पायऱ्यांसारखे जे टप्पे दिसतात, ते याच थरांचे. शास्त्रज्ञ या दगडाला बेसाल्ट म्हणतात.

शिलारस वर येतो तेव्हां त्यांत वायु कोंडलेला असतो. आंबवलेल्या पिठाची आंबोळी तव्यावर घातली म्हणजे तिला जशी जाळी पडते, तशी जाळी थराच्या वरच्या भागास पडते. पुढें दगड निवाल्यावर या लहानमोठ्या पोकळ्यांतून ऊन पाणी झिरपत राहिलें. त्या पाण्यानें दगडांतील द्रव्यें विरघळविलीं आणि पोकळ्यांच्या भिंतींवर तीं स्फटिकरूपानें ठेवून दिलीं. आपल्याकडील दगड फोडतांना ज्या चमकणाऱ्या गारा सांपडतात, त्या अशा रीतीनें तयार झालेल्या असतात. त्यांत गारगोटी आहे, कॅल्साइट आहे, अपोफिलाइट आहे. आणि स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट अशा खनिजांचें एक मोठें कुळ आहे. या कुळाला झिओलाइट असें म्हणतात. क्रॉनस्टेट नांवाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५६ सालीं हें नांव ग्रीक शब्दांवरून बनविलें. त्याचा अर्थ 'उकळणारा दगड'. हीं खनिजें तापविलीं असतां त्यांच्या आंतील पाणी वाफ होऊन बाहेर पडतें व दगड उकळल्यासारखा दिसतो. आपल्या बोरघाटांतून लोहमार्ग नेला, तो १८६३ सालीं खुला झाला. तो घाट फोडतांना निघालेले असले सुंदर स्फटिक त्या काळींच विलायतेच्या संग्रहालयांत जाऊन पोहोंचले होते.

आतां आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळूं. त्यासाठीं एक जुनी गोष्ट सांगतों. १८३१ सालीं ब्रुक नांवाच्या इंग्रज खनिजशास्त्रज्ञानें पुण्याकडून आलेल्या सुयांसारख्या स्फटिकांचें वर्णन प्रसिद्ध केलें. हें खनिज नवें आहे असें त्याला वाटलें, आणि त्यानें आपल्या शहराच्या नांवावरून त्याचें 'पूनालाइट' असें नामकरण केलें. खनिजशास्त्राच्या ग्रंथांत पुण्याचें नांव असें दिमाखानें दाखल झालें. पण तें टिकलें नाहीं. पुढील अभ्यासांत हें खनिज झिओलाइट कुळांतील आधींच ठाऊक असलेल्या खनिजांपैकीं ठरलें, आणि पूनालाइट हें नांव आतां केवळ जुन्या कोशांत पर्यायशब्द म्हणून उरलें आहे. यांत ब्रुकला हंसण्यासारखें कांहीं नाहीं. त्याच्याजवळ स्फटिकाचे कोन मोजण्याचें साधन होतें, त्याच्या काळचें रसायनशास्त्र होतें. परंतु स्फटिकाच्या आंत शिरून पाहण्याचा मार्गच तोंवर कोणाला सांपडला नव्हता.

खनिजाची ओळख दोन गोष्टींनीं पटते. तें कशाचें बनलें आहे ही एक, आणि त्याचे घटक कोणत्या क्रमानें मांडले आहेत ही दुसरी. पहिली गोष्ट एकटी पुरेशी नाहीं. शिसपेन्सिलींतील काळें शिसें, ज्याला ग्रॅफाइट म्हणतात, तें निव्वळ कार्बन. आणि हिरा हाहि निव्वळ कार्बन. एकानें कागद काळा होतो, दुसऱ्यानें कांच कापतां येते. द्रव्य तेंच, मांडणी निराळी. तेव्हां मांडणी पाहिल्यावांचून खनिजाची ओळख पुरी होत नाहीं. आज नव्या खनिजाचा दावा करणाऱ्यास ह्या दोन्ही गोष्टींचा पुरावा द्यावा लागतो, आणि १९५८ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र-संघाच्या समितीनें मान्यता दिल्यावरच तें नांव रूढ होतें.

मांडणी पाहण्याचा मार्ग कसा सांपडला? अठराव्या शतकांत आयुई नांवाचा एक फ्रेंच धर्मोपदेशक होता. त्याच्या हातून कॅल्साइटचा एक स्फटिक खालीं पडून फुटला, अशी गोष्ट सांगतात. पाहतो तों प्रत्येक तुकडा, लहान असो वा मोठा, त्याच एका तिरकस विटेच्या आकाराचा. तो आणखी फोडला तरी आकार तोच. यावरून त्यानें १७८४ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, स्फटिक हा एकसारख्या सूक्ष्म विटांचा रचलेला असला पाहिजे. कल्पना उत्तम होती, पण त्या विटा कोणी पाहिल्या नव्हत्या. पुढें १८९५ सालीं राँटगेननें क्ष-किरण शोधून काढले, आणि १९१२ सालीं म्युनिक येथें लाउए याच्या सूचनेवरून ते किरण स्फटिकांतून सोडून पाहण्यांत आले. मागें ठेवलेल्या छायाचित्राच्या कांचेवर ठिपक्यांची एक सुबक नक्षी उमटली.

ही नक्षी कां उमटते तें घरबसल्या कळण्यासारखें आहे. रात्रीच्या वेळीं दूरचा दिवा छत्रीच्या ताणलेल्या कापडांतून पाहावा. एका दिव्याच्या भोंवतीं फुलीच्या आकारांत लहान लहान दिव्यांच्या ओळी दिसतात. कापडाचे उभे-आडवे धागे सारख्या अंतरावर असल्यामुळें प्रकाशाच्या लहरी कांहीं दिशांना एकमेकींस बळ देतात, कांहीं दिशांना मारून टाकतात. धागे जितके जवळ, तितके ते दिवे दूर दूर दिसतात. म्हणजे दिव्यांचें अंतर मोजून धाग्यांचें अंतर काढतां येतें. स्फटिकांतील अणूंच्या ओळी हे धागे समजावे, आणि क्ष-किरण हा दिवा. विल्यम ब्रॅग व त्यांचा मुलगा लॉरेन्स ब्रॅग यांनीं या नक्षीवरून अणूंच्या जागा हिशेबानें कशा काढाव्या तें दाखविलें, आणि १९१३ सालीं आपल्या नित्याच्या मिठाची रचना उलगडली. १९१५ सालचें नोबेल पारितोषिक पितापुत्रांस मिळून मिळालें. त्या वेळीं मुलाचें वय अवघें २५ वर्षांचें होतें. ब्रुकला जें दार बंद होतें, तें असें उघडलें.

आतां कॅव्हन्साइटकडे येऊं. याचा पहिला शोध पुण्यास लागला नाहीं. अमेरिकेच्या ऑरेगॉन संस्थानांत, ओवायही धरणाजवळ, १९६० नंतरच्या दशकांत हें निळें खनिज प्रथम ध्यानांत आलें. तेथील ज्वालामुखीच्या खडकांच्या भेगांत तें अगदीं बारीक स्फटिकांच्या रूपानें होतें. स्टेपल्स, इव्हान्स व लिंडसे या तिघांनीं १९७३ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें, आणि इव्हान्स यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें त्याची रचना उकलली. नांव ठेवतांना त्यांनीं कोणत्याहि गांवाचा किंवा गृहस्थाचा आधार घेतला नाहीं. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांचीं आद्याक्षरें जोडून 'कॅव्हन्साइट' हें नांव सिद्ध झालें. नांवांतच घटक सांगितलेले आहेत.

परंतु या शोधांतील खरें नवल निराळेंच आहे. त्याच ठिकाणीं आणखी एक निळें खनिज होतें. त्याचें पृथक्करण केलें तर घटक तेच, आणि त्यांचें प्रमाणहि तेंच. एक कॅल्शियम, एक व्हॅनेडियम, चार सिलिकॉन, आणि चार रेणु पाणी. प्राणवायु पाण्यांतला धरून पंधरा. रसायनशास्त्राच्या ताजव्यांत दोहोंत अंतर पडेना. तरीहि क्ष-किरणांच्या साक्षीवरून तीं दोन वेगळीं खनिजें ठरलीं. दुसऱ्याला 'पेंटॅगोनाइट' असें नांव मिळालें. जुळ्या भावांसारखीं दिसणारीं हीं दोन खनिजें केवळ आंतील मांडणीनें भिन्न आहेत. ती मांडणी आतां पाहूं.

आपणांपैकीं पुष्कळांनीं रानांत सराट्याचा कांटा पाहिला असेल, कदाचित् पायाला लागलाहि असेल. तो जमिनीवर कसाहि पडला तरी त्याचें एक टोंक वर राहतें. सिलिकेट खनिजांचा मूळ घटक असाच असतो. मध्यें सिलिकॉनचा एक अणु, आणि त्याच्याभोंवतीं सारख्या अंतरावर, चार दिशांना प्राणवायूचे चार अणु. याला चतुष्फलक म्हणतात. हे चतुष्फलक एकमेकांचे हात धरतात, म्हणजे शेजारच्या दोघांमध्यें एक प्राणवायु सामाईक असतो. कॅव्हन्साइटमध्यें त्यांच्या प्रथम लांब साखळ्या होतात, आणि साखळ्या बाजूनें जोडल्या जाऊन पातळ थर बनतो. थरांतील प्रत्येक चतुष्फलकाचे तीन कोपरे शेजाऱ्यांशीं सामाईक असतात, आणि चौथा मोकळा राहून कोठें वर तर कोठें खालीं वळलेला असतो.

शाळकरी मुलांनीं येथें एक हिशेब करून पाहावा. तीन सामाईक प्राणवायु म्हणजे प्रत्येकीं अर्धा धरून दीड, आणि एक मोकळा, मिळून अडीच. चार सिलिकॉनांना मिळून दहा. खनिजाच्या सूत्रांत चार सिलिकॉनांबरोबर दहा प्राणवायु लिहिलेले असतात ते याच हिशेबानें. पंधरांपैकीं उरलेल्या पांचांत चार पाण्याचे, आणि एक व्हॅनेडियमचा स्वतःचा.

आतां थर तयार झाले. त्यांना एकत्र बांधावयास कांहीं हवें. हें काम कॅल्शियम आणि व्हॅनेडियम करतात. मोकळ्या राहिलेल्या चार प्राणवायूंवर मिळून चार मात्रा ऋण विद्युत् असते. दोन मात्रांची फेड कॅल्शियम करतो, दोहोंची व्हॅनेडियम आणि त्याचा प्राणवायु मिळून करतात. जमाखर्च बरोबर जुळतो. व्हॅनेडियमची बैठक पाहण्यासारखी आहे. चौरस पायाचा एक लहानसा पिरॅमिड कल्पावा. पायाच्या चार कोपऱ्यांवर सिलिकेट थरांतील प्राणवायु, शिखरावर त्याचा स्वतःचा प्राणवायु, आणि आंत व्हॅनेडियम. शिखरावरचा प्राणवायु इतर चौघांपेक्षां त्याच्या फार जवळ असतो. या विशिष्ट बैठकीमुळेंच प्रकाशांतील कांहीं रंग गिळले जातात आणि आपल्या डोळ्यांना तो सुंदर निळा रंग दिसतो. व्हॅनेडियम या नांवाचें मूळहि रंगांतच आहे. १८३० च्या सुमारास सेफस्ट्रॉम या स्वीडिश रसायनज्ञानें त्याच्या संयुगांचे नानाविध रंग पाहून नॉर्स लोकांच्या सौंदर्यदेवतेच्या नांवावरून त्याचें नांव ठेवलें. दुसऱ्या संगतींत हाच धातु तांबड्या आणि पिवळ्या रंगांचींहि खनिजें देतो.

राहिलें पाणी. थरांच्या मधील मोकळ्या बोळांतून पाण्याचे रेणु वस्ती करून असतात. दगड कोरडा ठणठणीत दिसतो, पण त्याच्या वजनाचा सहावा हिस्सा पाणी असतें. तापविलें असतां तें पाणी टप्प्याटप्प्यानें बाहेर पडतें. २२० अंशांपर्यंत तापविलेल्या स्फटिकाची रचना १९७५ सालीं तपासण्यांत आली. सिलिकेटच्या थरांची मूळ धाटणी तींत कायम होती. भाडेकरू गेले, पण वाडा कोसळला नाहीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां त्या जुळ्या भावांतील फरक. तो समजण्यास आपल्या घरच्या रांगोळीसारखें साधन नाहीं. अंगणांत ठिपके काढावे आणि ते जोडावे. तेच ठिपके एका रीतीनें जोडले तर चौकोन आणि अष्टकोन आलटून पालटून येतात. दुसऱ्या रीतीनें जोडले तर सगळीकडे षट्‌कोन होतात. ठिपका कमी नाहीं, अधिक नाहीं. रेघ मात्र वेगळी गेली. हेंच या दोन खनिजांत घडलें आहे. कॅव्हन्साइटच्या थरांत चार चतुष्फलकांचीं कडीं आणि आठ चतुष्फलकांचीं कडीं शेजारीं शेजारीं येतात. पेंटॅगोनाइटच्या थरांत सहा चतुष्फलकांचीं कडीं असतात. एवढ्या फरकानें विटेचें मापहि बदलतें. कॅव्हन्साइटची वीट सुमारें ९.८, १३.६ आणि ९.६ आँगस्ट्रॉम, पेंटॅगोनाइटची सुमारें १०.३, १४.० आणि ८.९. एक आँगस्ट्रॉम म्हणजे एका मिलिमीटरचा कोट्यंश. एक मिलिमीटर लांबीच्या स्फटिकांत अशा सुमारें दहा लक्ष विटा ओळीनें बसतात, आणि प्रत्येक विटेंत ११६ अणु आपापल्या नेमून दिलेल्या जागीं असतात. इतक्या मोठ्या कारभारांत चौकोनाच्या जागीं षट्‌कोन आला कीं खनिजच पालटलें!

पेंटॅगोनाइट या नांवांत पंचकोन आहे, आणि त्यांत एक गंमत आहे. जास्वंदीला पांच पाकळ्या, सदाफुलीला पांच पाकळ्या, आपल्या हाताला पांच बोटें. सजीव सृष्टीला पांचाचें वेड आहे. परंतु स्फटिकाच्या विटेला पांच चालत नाहीं. फरशी बसविणाऱ्या गवंड्याला विचारा. चौकोनी फरश्या बिनफट बसतात, त्रिकोणी बसतात, षट्‌कोनीहि बसतात. पण सारख्या बाजूंच्या पंचकोनी फरश्या बसवूं गेलें तर मध्यें फट राहतेच. मग या खनिजाच्या कापल्या तुकड्यांत पांच टोंकांची चांदणी दिसते ती कशी? तर ती एका स्फटिकाची नसून पांच स्फटिकांची असते. पेंटॅगोनाइटच्या विटेच्या दोन कर्णांमधील कोन योगायोगानें जवळजवळ ७२ अंशांचा पडतो, आणि पांच वेळां ७२ म्हणजे ३६०. त्यामुळें पांच स्फटिक एकमेकांस चिकटून गोलाकार बसले कीं पंचकोनाचा भास होतो. घराण्यांत पांच भाऊ एकत्र नांदत असले म्हणजे बाहेरच्याला एकच कुटुंब दिसावें, तसा हा प्रकार. १९८२ सालीं शेश्तमान यांना एका मिश्रधातूंत खरीखुरी पांचपदरी रचना आढळली आणि तिच्यासाठीं त्यांना २०११ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पण तो पदार्थ विटांची पुनरावृत्ति न करणाऱ्या निराळ्या जातीचा. पेंटॅगोनाइट मात्र जुन्या नियमांतच वागतो.

येथवर ऑरेगॉनची हकीकत झाली. आतां वाघोलीस परत येऊं. पुण्याजवळच्या कॅव्हन्साइटचा उल्लेख १९७० नंतरच्या दशकांतच शास्त्रीय वाङ्मयांत येऊं लागला, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या खाणींत तें अशा विपुलतेनें निघालें कीं, ऑरेगॉनचे बारीक कण त्यापुढें फिके पडले. फिकट रंगाच्या स्टिल्बाइटच्या गादीवर मोराच्या मानेसारख्या निळ्या रंगाचे गोंडे बसलेले असतात. प्रत्येक गोंडा म्हणजे मध्यापासून चोहोंकडे फांकलेल्या असंख्य सुयांचा झुबका. त्याच खाणींत पेंटॅगोनाइटहि सांपडला, लांबट आणि टोंकदार पात्यांच्या रूपानें. म्हणजे दोघे भाऊ आपल्याहि अंगणांत नांदत होते. पोवार आणि बायरप्पा या दोघां भारतीय शास्त्रज्ञांनीं वाघोलीच्या कॅव्हन्साइटवर क्ष-किरण, उष्णता आणि अवरक्त किरण यांचे प्रयोग करून आपला अभ्यास २००१ सालीं प्रसिद्ध केला.

या खनिजाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. प्रामाणिकपणें सांगावयाचें तर कारखान्याला त्याचा उपयोग नाहीं. व्हॅनेडियम पोलाद कठीण करण्यास लागतो, पण तो काढण्याइतकें कॅव्हन्साइट कोठेंच नाहीं. तरी त्याच्या शेजारीं सांपडणाऱ्या झिओलाइटांकडे पाहा. त्यांच्या आंतील बोळांची रुंदी ठरलेली असते. त्यांतून लहान रेणु जातो, मोठा अडतो. हें ध्यानांत आल्यावर मनुष्यानें कृत्रिम झिओलाइट बनविले, आणि आज जड पाणी मृदु करण्यापासून खनिज तेलाच्या शुद्धीकरणापर्यंत त्यांचा वापर होतो. आपल्या पुण्यांतील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतहि, जी १९५० सालीं सुरू झाली, या पदार्थांवर मोलाचें संशोधन झालें आहे. निसर्गानें पोकळींत ठेवलेल्या रचनेचा अभ्यास आधीं झाला, उपयोग मागाहून आला. उपयोग पाहूनच अभ्यास करावयाचा असें ठरविलें असतें तर दोन्ही हातचीं गेलीं असतीं.

आतां थोडें कटु असें बोलतों. वाघोलीची खाण स्फटिकांसाठीं खोदलेली नाहीं. ती रस्त्यांच्या खडीसाठीं आणि आपल्या घरांच्या काँक्रीटसाठीं खोदलेली आहे. सुरुंगानें पोकळी उघडते, पण ती उघडी राहते थोडा वेळ. मागाहून दगड खडीच्या यंत्रांत जातो, आणि जें कोट्यवधि वर्षें जपलें गेलें त्याची घटकेंत भुकटी होते. याबद्दल खाणीला दोष देणें योग्य होणार नाहीं. खाण नसती तर हें खनिज आपल्या दृष्टीस पडलेंच नसतें. आणि खडी आपणा सर्वांनाच हवी आहे. १९७० मधील वाघोलीचें खेडें २०२१ सालीं महानगरपालिकेंत आलें, तें त्या खडीवरच उभें राहून. जे स्फटिक वांचतात ते पुष्कळदां देशाबाहेर जातात. तेहि समजूं शकतें. ज्याला किंमत कळली त्यानें घेतलें. खंत वाटते ती वेगळ्या गोष्टीची. परक्या देशांतील हौशी मनुष्य 'वाघोली' हा शब्द अचूक उच्चारतो, आणि वाघोलीहून शाळेस येणाऱ्या मुलाला आपल्या गांवच्या दगडांत काय आहे हें ठाऊक नसतें.

मी सारा जन्म मुलांना शिकविण्यांत घालविला. दगड दाखवून 'हा काय?' म्हणून विचारलें कीं मुलें नांव पाठ म्हणून दाखवितात. 'तो कोठें सांपडला, आणि त्याच्या शेजारीं काय होतें?' असें विचारलें कीं वर्ग शांत होतो. वास्तविक शास्त्राच्या दृष्टीनें दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. कोणत्या थरांत, किती खोल, कोणाच्या अंगावर वाढलेला, याची नोंद नसलेला स्फटिक म्हणजे पत्ता फाटून गेलेलें पत्र. अक्षर सुंदर असेल, पण तें कोणीं कोणास लिहिलें हें कळावयाचें नाहीं. पुण्याच्या नांवाचें पूनालाइट गेलें याचें मला दुःख नाहीं, कारण तें पुराव्यानें गेलें. पण जो पुरावा नोंदल्यावांचून खडींत जातो, त्याचें काय ठरणार?

म्हणून माझी श्रोत्यांस तीन साध्या गोष्टींची विनंति आहे. आपल्या घरीं असा एखादा स्फटिक असेल तर त्याला चिठ्ठी लावा. गांव, जागा, तारीख, आणि तो कोणीं दिला तें लिहा. दुसरी, सुटींत मुलांना किल्ले दाखवितां तसे दगडहि दाखवा. सिन्नरला 'गारगोटी' नांवाचें खनिजांचें संग्रहालय आहे, तें एकदां पाहून यावें. खाणीच्या कड्यावर मात्र मुलांना नेऊं नका. तेथें धोका असतो. आणि तिसरी, घरीं तुरटीचा स्फटिक वाढवून पाहा. ऊन पाण्यांत मावेल तितकी तुरटी विरघळवावी, गाळून घ्यावी, आणि दोऱ्याला बारीकसा खडा बांधून तो त्या निवलेल्या पाण्यांत सोडावा. भांडें हालवूं नये, घाई करूं नये. कांहीं दिवसांनीं त्या खड्याला सपाट, चकचकीत पैलू फुटलेले दिसतील. ते पैलू कोणीं घासलेले नसतात. आंत ज्या क्रमानें अणु बसले तो क्रमच पैलूंच्या रूपानें बाहेर आलेला असतो.

आरंभीं दोन प्रश्न घेतले होते. खनिज नवें कशावरून, आणि त्याची आंतील रचना कशी. दोहोंचें उत्तर एकच: रचना तीच ओळख. कॅल्शियम, व्हॅनेडियम, वाळूंतला सिलिकॉन, हवेंतला प्राणवायु आणि पाणी, यांत दुर्मिळ असें फारसें कांहीं नाहीं. त्यांची एक मांडणी झाली तेव्हां कॅव्हन्साइट झाला, दुसरी झाली तेव्हां पेंटॅगोनाइट झाला, आणि मांडणी मोडली तेव्हां भुकटी झाली. यापुढें नगर रस्त्यानें जातांना खडीची मालमोटार शेजारून गेली, तर तिच्यांतील काळ्या दगडांकडे एकदां लक्षपूर्वक पाहा. क्वचित् एखाद्या खड्यावर निळा ठिपका दिसेल. निदान तो असूं शकतो हें तरी आपल्याला ठाऊक असेल.